वीतभर माशाचा रॉड आणि हातभर ट्राउट : तीन क्रमांकाच्या फ्लाय-संचाचे परीक्षण

हलक्या फ्लाय-रॉडची परीक्षणे बहुतेक वेळा फेकीपाशी येऊन थांबतात. दोर किती अलगद उलगडतो, फ्लाय (गळाला बांधलेली किड्याची नक्कल) पाण्यावर किती हळुवार उतरते, दिवसभर हातात धरून मनगट दुखते की नाही, एवढे सांगून झाले की परीक्षण पूर्ण झाले असे मानले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण वीतभर ट्राउटसाठी (थंड पाण्यातला मासा) घेतलेल्या रॉडला कधीतरी हातभर ट्राउट लागतोच, आणि त्या पाच-दहा मिनिटांत संचातील प्रत्येक वस्तूचा खरा दर्जा उघड होतो. म्हणून या परीक्षणात मी फेकीला थोडी आणि त्या मिनिटांना जास्त जागा दिली आहे.

परीक्षणासाठी वापरलेला संच असा : साडेसात फूट लांबीचा, चार तुकड्यांचा, कार्बन तंतूचा तीन क्रमांकाचा रॉड, साधे खटका-पद्धतीचे लहान रील, तरंगणारा तीन क्रमांकाचा दोर, आणि नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे दोराच्या पुढे जोडायचा बारीक दोरा, ज्याच्या टोकाला ६एक्स जाडीचे टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा सर्वांत बारीक भाग. हा संच या वर्गातला अगदी सर्वसाधारण संच आहे. निर्माता कोणताही असला तरी या मापाच्या संचांचे गुण आणि अडचणी बऱ्याच अंशी सारख्याच असतात, त्यामुळे हे परीक्षण एका छापाच्या नावाचे नसून त्या संपूर्ण वर्गाचे आहे.

तीन क्रमांक म्हणजे नेमके काय, हे लक्षात घेतले तर पुढचे बरेच उलगडते. हा क्रमांक रॉडच्या ताकदीचा नसून दोराच्या वजनाचा आहे. १९६० च्या आसपास अमेरिकेतील मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने दोराच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरवण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी दोर जाडीवरून ओळखले जात, पण रेशमाची जागा कृत्रिम पदार्थांनी घेतल्यावर सारख्या जाडीच्या दोरांचे वजन सारखे राहिनासे झाले. या पद्धतीनुसार तीन क्रमांकाच्या दोराचे पहिले तीस फूट १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम भरतात, तर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या दोराचे १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या थोडे वर. जो रॉड साडेसहा ग्रॅमचा भार नीट फेकू शकतो तो मासा आवरायला किती समर्थ आहे, हे त्या आकड्यातून कळतच नाही. दुकानात रॉड हाताळून पाहणारे अनेक जण मात्र त्या आकड्यावरूनच त्याला नाजूक ठरवतात.

फेकीबद्दल थोडक्यात सांगतो. सहा ते बारा मीटरच्या टप्प्यात, सोळा किंवा अठरा मापाच्या (माप जितके मोठे तितकी फ्लाय लहान) सुक्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी, या संचासारखे सुख दुसरे नाही. जवळच्या फेकीतही रॉड पुरेसा वाकतो, दोराची घडी अरुंद राहते आणि लीडर सरळ पसरून फ्लाय शेवटी उतरते. नितळ, संथ पाण्यात माशाला बुजवायचे नसेल तर याहून अधिक काय हवे? समोरून वारा आला की मात्र हा हलका दोर मागे फिरतो, आणि जड मण्याची निंफ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, बांधली तर फेक डगमगते. शिवाय तो मणी परतीच्या फेकीत रॉडच्या टोकावर आदळण्याची भीती असते. कार्बनच्या पातळ नळीला अशा आघाताने बारीक चीर पडते आणि रॉड नंतर कधीतरी, वरकरणी विनाकारण, मोडतो. वजनदार निंफचे काम करायचे असेल तर दुसरा रॉड घ्यावा, एवढेच मी म्हणेन.

आता मुख्य विषय. मोठा ट्राउट पृष्ठभागावरचा किडा टिपताना गडबड करत नाही. लहान मासे पाणी उडवत झडप घालतात. वयाने मोठा झालेला मासा प्रवाहाच्या कडेला शक्ती राखून उभा असतो आणि जेमतेम ओठ वर करून किडा आत ओढतो, त्यामुळे वर दिसते ते नाण्याएवढे एक वर्तुळ. त्या वर्तुळावरून माशाच्या आकाराचा अंदाज बांधता येत नाही. वीतभर मासे मिळणाऱ्या एका डोहाच्या शेपटाशी मी अशाच वर्तुळावर अठरा मापाची फ्लाय सोडली आणि ती दिसेनाशी झाल्यावर रॉड उचलला, तेव्हा प्रथम दगडात अडकल्यासारखे वाटले. दोर जागच्या जागी थांबला, टोकापासून मधल्या जोडापर्यंत रॉड वाकला आणि काही क्षण काहीच हलले नाही. मग मुठीतल्या बुचाच्या दांड्यात एकामागून एक संथ, जड हिसके जाणवले. लहान मासा लागला की बोटांना सलग थरथर कळते. मोठा मासा मान डावी-उजवीकडे फिरवतो आणि त्या प्रत्येक फेऱ्याचा वेगळा धक्का हातापर्यंत येतो. हा फरक एवढा स्पष्ट असतो की मासा दिसण्याआधीच त्याचा आकार उमगतो. या बाबतीत हलक्या रॉडला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत, कारण जड रॉडमध्ये निम्मी माहिती वाटेतच हरवते.

तो मासा पन्नास सेंटिमीटरच्या आसपासचा होता. या आकाराच्या सुदृढ ट्राउटचे वजन अंदाजण्याची एक जुनी रीत आहे : इंचांतील लांबीला घेराच्या वर्गाने गुणावे आणि ८०० ने भागावे, उत्तर पौंडांत येते. वीस इंच लांबी आणि अकरा इंच घेर धरला तर तीन पौंड, म्हणजे सुमारे एक किलो चारशे ग्रॅम. ६एक्स टिपेटची ताकद निरनिराळ्या उत्पादकांच्या टिपेटच्या गुंडाळ्यांवर साधारण दीड किलोच्या आगेमागे छापलेली असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मनात धस्स होते, पण ही तुलनाच मुळात चुकीची आहे. पाण्यात तरंगणाऱ्या माशाचे वजन दोऱ्यावर जवळपास येतच नाही. दोऱ्यावर येतो तो त्याच्या शेपटीचा जोर, प्रवाहाचा दाब आणि आपल्याच हाताचा हिसका.

रॉड यात काय करतो, हे घरीही तपासता येते आणि ज्याच्याकडे हलका रॉड आहे त्याने ते एकदा तपासावेच. दोराचे टोक स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधावे, काटा जमिनीजवळ पक्का करावा आणि रॉड माशाशी झुंजताना धरतो तसा उभा धरून ओढावे. माझ्या या संचात रॉड जवळपास उभा असताना, टोक भीती वाटावी इतके वाकूनही, काटा अर्ध्या किलोपर्यंत पोहोचला नाही. तोच रॉड खाली आणून दोराशी लहान कोन केला, म्हणजे टोकाऐवजी मुठीजवळच्या जाड भागावर भार घेतला, तेव्हा त्याच हाताने तोच काटा बराच पुढे गेला. याचे कारण सोपे आहे. रॉड ही तरफ आहे आणि मासा तिच्या लांब बाजूला आहे. रॉड उभा असतो तेव्हा ती बाजू सर्वांत लांब असते आणि हाताचा जोर तिथे पोहोचेपर्यंत फार थोडा उरतो. रॉड आडवा झुकवला की टोक दोराच्या दिशेने वळते, वाकणारा भाग मुठीकडे सरकतो आणि तरफेची ती बाजू आखूड होते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि माझ्या मते या संचाबद्दल समजून घेण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. पहिली, नुसत्या वाकलेल्या रॉडच्या ओढीने चांगले ६एक्स टिपेट तुटत नाही. तीन क्रमांकाचा रॉड त्याला एवढा ताण देऊच शकत नाही. टिपेट तुटते ते गाठीत, खरचटलेल्या जागी, किंवा मासा अचानक पळाला आणि दोर सुटला नाही तर त्या एका धक्क्यात. दुसरी, जो रॉड टिपेटला सांभाळतो तोच माशालाही फारसा दमवत नाही. रॉड डोक्यावर उंच धरून तासन्‌तास झुंजणारा माणूस शूर दिसतो, पण तो माशावर पाव-अर्ध्या किलोचाच भार टाकत असतो. म्हणजे या रॉडचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत, आणि परीक्षणात त्या वेगळ्या करून एकीचे कौतुक व दुसरीची तक्रार करणे योग्य नव्हे.

टिपेटविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या संचाची निम्मी भिस्त त्यावर आहे. एक्सचा आकडा जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो. अकरातून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते : ६एक्स म्हणजे पाच हजारांश इंच, सुमारे ०.१३ मिलिमीटर, ५एक्स म्हणजे सहा हजारांश, ०.१५ मिलिमीटर. फरक केसाएवढाही नाही, तरी ताकदीत तो मोठा आहे. जाडी पाचावरून सहावर गेली की दोऱ्याचे छेदक्षेत्र चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सोळा मापाची किंवा त्याहून मोठी फ्लाय असेल आणि पाणी अगदी आरशासारखे नसेल, तर संचासोबत आलेले ६एक्स बाजूला ठेवून ५एक्स बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे माशाला फार काही कळत नाही. आपल्याला मात्र प्रत्येक झुंजीत त्याचा उपयोग होतो.

नायलॉन की फ्लुओरोकार्बन, यावर भरपूर वाद घातले जातात. नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर थोडे दुबळे होते, पण ते लवचिक असल्यामुळे हिसका काही प्रमाणात पचवते आणि तरंगत्या फ्लायला खाली ओढत नाही. फ्लुओरोकार्बन पाणी शोषत नाही, घासण्याला चांगले टिकते, पण ते जड असल्याने बुडते आणि त्याची गाठ बसवायला अधिक काळजी लागते. सुक्या फ्लायच्या या संचासाठी मी नायलॉनच निवडतो. खरा प्रश्न गाठीचा आहे. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, सावकाश आणि एकसारखी ओढावी, आणि मग प्रकाशाकडे धरून बघावी. वेटोळी एकमेकांना चिकटून ओळीने बसलेली दिसली तर ती गाठ ठीक. एखादे वेटोळे दुसऱ्यावर चढलेले असेल तर कापून पुन्हा बांधावी. तुटून परत आलेल्या टिपेटचे टोकही काही सांगत असते. डुकराच्या शेपटीसारखे ते पीळ खाऊन आले असेल तर गाठ घसरून सुटली. टोक सरळ आणि स्वच्छ असेल तर दोरा ताणाने किंवा धारेवर तुटला. दोष रॉडला देण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

आता रील. या वर्गातील संचांविषयी माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती सौम्य शब्दांत मांडण्याची माझी इच्छा नाही. हलक्या संचातील रील म्हणजे केवळ दोर गुंडाळून ठेवण्याची पेटी, असे उत्पादक स्वतःच सांगत आले आहेत आणि त्या बोलण्याच्या आडून कच्चे काम खपून जाते. वीतभर मासा आपण हातानेच दोर ओढून काठाशी आणतो, रिळाला हातही लागत नाही, हे खरे. पण मोठा मासा पहिल्या धावेत पायाशी पडलेला सगळा सैल दोर बोटांमधून घेऊन जातो, आणि दोर संपून थेट रिळावर ताण येतो त्या क्षणी रील विनाअडथळा फिरायला लागणे अत्यंत गरजेचे असते. फिरायला सुरुवात करण्यासाठी लागणारा जोर हा फिरत राहण्यासाठी लागणाऱ्या जोरापेक्षा जितका जास्त, तितका तो धक्का मोठा, आणि हा धक्का थेट टिपेटच्या गाठीवर बसतो. माझ्या संचासोबत आलेले रील हळू फिरवले तर सुरेख करकरत होते, पण वेगाने ओढले की चक्राच्या दात्यांत खटका क्षणभर अडून बसे. त्याच्या स्प्रिंगची एक बाजू किंचित तिरकी बसवलेली होती. दुकानात ते कळले नसते, कारण दुकानात कोणी रिळावरचा दोर झटकन ओढून पाहत नाही. यापुढे रील घेणाऱ्याने ते जरूर पाहावे : रील रॉडवर चढवून, दोर रॉडवरच्या सर्व कड्यांतून काढून, दुसऱ्या माणसाला दोराचे टोक धरून पळायला सांगावे.

खटका-पद्धतीचे रील मुळात वाईट नसते. त्याची रचना साधी, हलकी आणि दुरुस्त करायला सोपी असते : दातेरी चक्र, त्यात अडकणारा खटका आणि त्याला दाबणारी स्प्रिंग. त्याचा रोध फारच थोडा असतो, एवढा की फक्त दोर गुंडाळलेली चक्री भरधाव सुटून दोराचा गुंता होऊ नये. बाकीचा रोध आपल्या तळहाताने चक्रीच्या उघड्या कडेवर द्यायचा असतो आणि हातच सर्वांत चांगला ब्रेक आहे, कारण तो विचार करून दाबतो. मात्र त्यासाठी चक्रीची कडा उघडी असली पाहिजे. पूर्ण चौकटीत बंद असलेल्या रिळावर तळहात लावायला जागाच नसते, आणि मोठा मासा लागेल अशी थोडी जरी शक्यता असेल तर असे रील मी सुचवणार नाही. चकतीच्या ब्रेकचे रील घेतले तर तो ब्रेक अगदी हलका लावून ठेवावा. चक्रीवरचा दोर जसजसा कमी होतो तसतशी उरलेल्या गुंडाळीची त्रिज्या घटते आणि तोच ब्रेक अधिक जड होत जातो. त्रिज्या निम्मी झाली की दोर सोडवायला लागणारी ओढ दुप्पट होते. त्यात पाण्यात लांबवर पसरलेल्या दोराचे घर्षण मिळवले, की ब्रेकला हात न लावता टिपेटवरचा ताण कसा वाढत गेला ते समजते. म्हणून मासा दूर पळत असताना ब्रेक आवळणे हे सर्वांत धोक्याचे.

बॅकिंगकडेही, म्हणजे मुख्य दोराखाली गुंडाळलेल्या बारीक राखीव दोऱ्याकडेही, दुर्लक्ष होते. या संचासोबत दिलेल्या रिळात तरंगत्या दोराखाली चाळीस-पन्नास मीटर बॅकिंग मावते आणि तेवढे ओढ्यावर पुरते, पण दोर आणि बॅकिंग यांची गाठ तीन क्रमांकाच्या रॉडच्या बारीक कड्यांतून जाते की नाही हे कोणी तपासत नाही. माझ्या संचातील ती गाठ जाड होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या कड्यात अडकत होती. ती मी कापून निमुळती बांधली आणि वर पातळ लेप दिला; काम थोड्या मिनिटांचे आहे, पण ते मासा लागण्याआधी करायचे असते.

झुंजीच्या वेळी हा संच कसा वागतो, ते आता सांगतो. रॉड आखूड आणि हलका असल्याने तो पटकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेता येतो, आणि माझ्या अनुभवात त्याची सर्वांत मोठी ताकद हीच. मासा डावीकडे वळला की रॉड उजवीकडे, पाण्याशी समांतर आणि खाली न्यावा. तो उजवीकडे वळला की डावीकडे. अशा आडव्या ओढीने माशाचे डोके वळते, त्याला सरळ पोहता येत नाही आणि त्याची शक्ती लवकर सरते. वरच्या दिशेने ओढले तर मासा फक्त वर येतो आणि पृष्ठभागावर आपटत राहतो. त्या आपटण्यातच बारीक गळ सुटतात. इंद्रधनुषी ट्राउट उडी मारतो तेव्हा रॉडचे टोक लगेच त्याच्याकडे झुकवून दोर सैल सोडावा, कारण हवेत त्याचे पूर्ण वजन खरे होते आणि ताणलेल्या टिपेटवर तो पडला तर काही उरत नाही. तपकिरी ट्राउट सहसा तळ धरतो आणि काठाखालच्या कपारीकडे, मुळ्यांकडे किंवा पाणवनस्पतींच्या गुंत्याकडे जातो. त्याला पहिल्याच वळणावर थोपवावे लागते आणि तिथे रॉडच्या मुठीजवळच्या भागाचा दम लागतो. स्वस्त रॉडमध्ये तो भागही मऊ असतो. हा रॉड त्या कसोटीत उतरला. टोक मऊ, मधला भाग हळूहळू कडक होत जाणारा आणि मुठीजवळ भक्कम, अशी त्याची घडण आहे, आणि मासा कपारीकडे निघाला असताना रॉड खाली नेऊन त्याला थोपवता आले.

माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह वाहत जातो त्या बाजूला, जाऊन उभे राहण्याचा सल्ला नेहमी दिला जातो आणि हलक्या संचात तो अक्षरशः पाळावा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. मासा आपल्या खाली असेल तर आपण त्याच्याशी आणि नदीशी एकदम झुंजतो. तो वर असेल तर नदी आपल्या बाजूने असते. तीन क्रमांकाच्या रॉडकडे नदीला हरवण्याइतकी ओढ नाही, म्हणून ओढ वाढवण्यापेक्षा पाय हलवावेत.

मासा काठाशी आल्यावर या संचाची एक अंगभूत गैरसोय पुढे येते आणि तिच्याविषयी कुठे फारसे लिहिलेले दिसत नाही. रॉड साडेसात फूट आणि लीडर नऊ फूट, म्हणजे मासा हातजाळीच्या टप्प्यात आणायचा तर दोर आणि लीडर यांचा जोड टोकाच्या कड्यातून आत घ्यावा लागतो. नेमक्या त्याच वेळी मासा शेवटची धाव घेतो, आणि जोड जाडाभरडा असेल तर तो बाहेर जाताना कड्यात अडतो. हा जोड गुळगुळीत असणे म्हणूनच शोभेचा भाग नाही. दुसरा धोका रॉडलाच. मासा पायाशी असताना हात मागे नेऊन रॉड उभा ओढला की टोकाचा फूटभर भाग स्वतःवर दुमडतो आणि कार्बनचे रॉड बहुतेक वेळा इथेच मोडतात, नदीच्या मधोमध नव्हे. लीडर साडेसात फुटांचा केला तर निम्मी अडचण जाते. नाहीतर लांब दांड्याची, रबरी जाळ्याची हातजाळी घ्यावी, डोके पाण्याबाहेर निघाल्यावर मासा तिच्याकडे सरकवावा आणि रॉड मागे न नेता बाजूला न्यावा.

माशाच्या बाजूने पाहिले तर या वर्गाच्या संचाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा आहे आणि तो मला मान्य आहे. हलका संच झुंज लांबवू शकतो, आणि पूर्ण थकलेला ट्राउट सोडून दिला तरी वाचेलच असे नाही. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या प्रयोगात दमेपर्यंत पळवलेल्या इंद्रधनुषी ट्राउटपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. दमवून वर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी अवघे २८ टक्के. याचा अर्थ झुंज शक्य तितकी आखूड ठेवावी आणि मासा पाण्याबाहेर काढूच नये. छायाचित्र हवे असेल तर तो जाळीत, पाण्यातच असू द्यावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकलेला असेल तर मासा हातात न धरता गळ निघतो. पाण्याचे तापमानही तितकेच महत्त्वाचे आहे. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात ९.१, आणि तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. थंड, खळाळत्या पाण्यात या संचावर पन्नास सेंटिमीटरचा मासा आडव्या ओढीने काही मिनिटांत आणता येतो आणि तो तरतरीत परत जातो. पाणी १८ अंशांच्या पुढे गेले की मी हा संच बाहेर काढत नाही, आणि २० अंशांनंतर ट्राउटच्या मागे कोणताच संच घेऊन जाऊ नये.

काचतंतूच्या रॉडविषयी विचारणारे असतात. तो अधिक मऊ आणि आघाताला अधिक सोशिक असतो, टिपेटला आणखी जपतो, पण मासा थोपवायला मुठीजवळ जो दम लागतो तो त्यात उशिरा मिळतो. फक्त लहान ओढ्यावर जायचे असेल तर त्याचा आनंद वेगळाच. मोठ्या माशाची शक्यता असेल तर मी कार्बनच घेईन.

या संचातील रॉडला मी उत्तम म्हणतो आणि तो निःशंकपणे सुचवतो. दोर चांगला. लीडर ठीक, पण नऊ फुटांऐवजी साडेसात फुटांचा आणि ५एक्स टोकाचा दिला असता तर संच अधिक समजूतदार झाला असता. रील नापसंत. एकत्रित संच घेण्याऐवजी रॉड आणि दोर घ्यावा आणि रिळाची निवड स्वतः, ओढून पाहून करावी. नवख्या माणसाने पहिला रॉड म्हणून हा घेऊ नये. वारा, अंतर आणि फ्लायचे वजन या तिन्ही बाबतींत पाच क्रमांकाचा रॉड त्याला अधिक सांभाळून घेईल. ज्याला फेक येते, जो जवळून आणि शांतपणे मासेमारी करतो, आणि ज्याच्या पाण्यात क्वचित का होईना मोठा ट्राउट फिरतो, त्याच्यासाठी हा वर्ग आहे.

मोठा मासा सुटल्यावर किंवा सोडल्यावर लगेच दुसरी फेक टाकू नये. टिपेटचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून आणि मग ओठांवरून फिरवावा. कुठेही खरखर लागली तर तो कापून नवा बांधावा, कारण ट्राउटच्या दातांनी आणि तळातल्या दगडांनी झालेली झीज डोळ्यांना दिसत नाही. बारीक तारेचा गळ किंचित उघडला आहे का ते नव्या गळाशेजारी धरून बघावे. रॉडचे तिन्ही जोड हाताने चाचपावेत. आडव्या ओढीत ते पिळले जाऊन सैल होतात आणि सैल जोडाने फेक केली तर जोडाचे तोंड फुटते. बॅकिंगपर्यंत दोर गेला असेल तर तो पुन्हा भरताना ताण देऊन गुंडाळावा, नाहीतर वरची वेटोळी सैल वेटोळ्यांत रुततात आणि पुढच्या धावेला रील तिथेच अडते.